मधल्या दाराची तारीख

झाशीच्या नगरा मोहल्ल्यातलं शारदाताईंचं घर. माजघरात एक दार, आणि पलीकडे त्यांची धाकटी जाऊ कल्याणी राहायची. रेल्वेतल्या दोघा भावांनी, म्हणजे दोघींच्या नवऱ्यांनी, हे घर हौसेने बांधलं आणि वाटणीवरून तितक्याच हौसेने कोर्टात नेलं. रागाच्या भरात मधल्या दाराला कुलूप पडलं, वर कोर्टाचा ‘जैसे थे’चा हुकूम आला. पुढे दोघे भाऊ गेले, खटला मात्र धडधाकट! वारस म्हणून दोघी जावा समोरासमोर उभ्या राहिल्या.

भांडण केव्हाच विरलं होतं. मुलं हिंदीत वाढलेली; पोटभर मराठी बोलायला दोघींना एकमेकींशिवाय होतंच कोण? दोघींनी मिळून समेटाचा अर्ज दिला. भांडायला कोणाची परवानगी लागली नव्हती, गोडीने राहायला मात्र तारखा. कधी साहेब रजेवर, कधी वकिलांचा संप, कधी फाइलच वर येत नाही. असल्या अर्जांसाठी एखादा दिवस वेगळा काढला तर कोणाचं काय जातं?

कल्याणीने अंथरूण धरलं आणि खाट दाराशी ओढून घेतली. मुलगी शिल्पा बंगळूरला, जवळ फक्त कामवाली. तिचं बाहेरचं दार मागच्या गल्लीत; तो वळसा आणि तिथल्या उंच पायऱ्या शारदाताईंच्या गुडघ्यांना झेपेनात. त्या दाराच्या अलीकडे पाट टाकून बसत.

“जाऊबाई, मेतकूट-भात खावासा वाटतोय.”

शारदाताई मुलाच्या, सुमेधच्या हाती भात पाठवत.

“निवलाय हो,” पलीकडून आवाज येई. “तुम्ही भरवलात तर दोन घास जास्त जातील.”

शारदाताईंचा जीव तुटे. एकदा तिच्या कपाळावरून हात फिरवावा, ऊन ऊन भात भरवावा, एवढंच त्यांना हवं होतं.

“सुमेध, तोड रे ते कुलूप.”

“आई, वकीलसाहब बोले, तोड़ा तो केस बिगड़ जाएगा. पुढच्या तारखेला होऊनच जाईल ना.”

तारखेआधीच कल्याणी गेली. शारदाताई ई-रिक्शातून वळसा घालून, चौघांनी पायऱ्यांवरून उचलून नेल्यावर पोहोचल्या, त्या तिचं शेवटचं तोंड पाहायला.

तरी तारखेला त्या कोर्टात गेल्या. बाबूने फाइल चाळली.

“कल्याणी जी नहीं रहीं? फिर पहले उनके वारिस का नाम चढ़ेगा.”

“मेरा लिख लो, भैया,” शारदाताई म्हणाल्या. “यहाँ उसका मेरे सिवा कौन था?”

बाबूने फाइलवरच्या त्यांच्या नावावर बोट ठेवलं.

“आपका कैसे लिखें, माताजी? आप तो विरोधी पक्ष हैं.”