आठातल्या सात दांड्या

काल लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली, पण वरचा लाल आकडा एकचा दिसत होता. सातची वरची दांडी विझली होती.

चाळीस वर्षांपूर्वीची वर्ध्याच्या दवाखान्यातली दुपार. फिनाईलचा वास. रेडिओ दुरुस्त करणारे माझे बाबा खाटेवर पडलेले, आणि उशाच्या यंत्रावर हृदयाचे ठोके ऐंशीवरून एकदम अठरा! मी किंचाळले. सिस्टर धावत आल्या, त्यांनी मनगट धरलं. नाडी तर नीट लागत होती, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर.

बाबांनी डोळे उघडले. "काऊन रडून राह्यली व? सिस्टर, हे बंद करून चालू करा. पहिले आठ-आठ येते. आठात सातही दांड्या पेटतात. जे नाई पेटली, ते खराब."

सिस्टरनी तसं केलं. पहिल्या आठाला डोकंच नव्हतं.

"पाहून घे, मी नाई मेलो, वरची दांडी मेली," बाबा म्हणाले. मी रडता रडता हसले.

चौथ्या दिवशी, बदलून आणलेल्या यंत्रावर पुन्हा अठरा आले. मी ओरडले, "सिस्टर, बंद करून चालू करा!"

त्यांनी केलं. दोन्ही आठांच्या सगळ्या दांड्या लख्ख पेटल्या.