पडद्यामागून दिसलेली काकी

वैशाखऱ्यांच्या घरातल्या भागीरथीला दोन खोडी होत्या. एक, ती डावखुरी होती. दुसरी, मनात आलं की ते तोंडातून बाहेर पडलंच पाहिजे. पहिली खोड मोडायला आईनं लहानपणी तिच्या डाव्या हाताला चिंधी बांधून पाहिली, पुढं सासूनं चुलीतल्या लाकडाचा धाक घातला. बाई डाव्या हातानं वाढते म्हणून सुरुवातीला पाहुणे ताटावरून उठायचे, नंतर भुकेनं बसू लागले. दुसऱ्या खोडीवर मात्र कुणी कधी इलाज केला नाही.

तिला मूल झालं नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तेव्हा तिच्या नवऱ्याचा, म्हणजे धर्माचा, थोरला भाऊ आणि भावजय एकाच आठवड्यात पटकीनं गेली. मागं राहिला आठ वर्षांचा देवजी आणि सहा वर्षांची वत्सला. गाव रडत होतं, भागीरथी रडली नाही. "या आता घरात, आन पाय धुवून या," एवढंच ती पोरांना म्हणाली. पुढची सात वर्षं तिनं त्यांना जेवू घातलं, उवा काढल्या, चुकलं तेव्हा बडवलं, आणि देवजीला शाळेतून काढून गुरांमागं लावायचं निघालं तेव्हा नवऱ्याशी चार दिवस अबोला धरला. गावाला हे सगळं ठाऊक होतं. पण गावाला ठाऊक असलेल्या गोष्टी गाव किती लवकर विसरतं, हे भागीरथीला ठाऊक नव्हतं.

लढाई सुरू झाल्यावरच्या दुसऱ्या हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेत बोलपटाचा तंबू आला. बैलांचा बाजार बाजूला राहिला आणि गर्दी तिकडं लोटली. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा टांगलेला. चित्र फेकणाऱ्या यंत्राच्या बाजूला बायका बसल्या, आणि जागा पुरेना तेव्हा तंबूवाल्यानं पुरुषांना पडद्याच्या पलीकडं पाठवलं. पलीकडूनही चित्र दिसतंच, फक्त उलटं दिसतं. आणि ते उलटं आहे हे कळायला आधी कधी सुलटं पाहिलेलं असावं लागतं. आमच्या पुरुषमंडळींनी जन्मात पहिल्यांदा बोलपट पाहिला तो असा.

चित्र होतं दोन पोरक्या भावंडांचं. आईबाप मोटारीच्या अपघातात जातात, पोरं काका-काकीच्या मोठ्या बंगल्यात येतात. काका गोड बोलतो, काकी रोज रात्री स्वतःच्या हातानं विषाचा थेंब घातलेलं दूध देते, एक खोली सदा कुलूपबंद. शेवटी फौजदार येतो. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावची बैलगाडी परतीला लागली आणि मतं सुरू झाली. गाडी हाकणारा नवसू म्हणाला, "आईबाप मोटारीत बसले, तवाच मी वळखलं, हे काय माघारी येत नाय."

शेजारची चंदा म्हणाली, "आन तो काका! सख्खा बाप तरी एवढा गोड बोलतो का गो? मी तवाच म्हणलं, ह्याच्या पोटात काळं हाय."

"कुलूप दावलं तवाच मला कळलं."

"त्या बंगल्यातला म्हातारा गडी खोकला तवाच मी म्हणलं, आता ह्यो मरनार."

सगळ्यांना सगळं आधीच कळलेलं! मग सगळा वेळ तोंडाचा आ वासून बसली होती ती कोण, हे भागीरथीला समजेना. तिचं डोकं त्या खुळचट गोष्टीनं आधीच उठलं होतं. ती म्हणाली, "कळनार नाय तर काय? अवो, ती काकीच येडी व्हती! दुधात कोन इख घालतं? दूध फाटतं, रंग पालटतो. घालायचंच व्हतं तर सुक्या बोंबलाच्या कालवणात घालायचं, तिखटात काय कळतंय? आन घालायचं तर एकदाच काय ते. रोज थेंब थेंब घालायचं, आन वर त्याच पोरांची भांडी घासत बसायची, ही कुठली रीत?"

बायका पोट धरधरून हसल्या. देवजी गाडीच्या मागल्या बाजूला पाय सोडून बसला होता, तो हसला नाही. नवसूनं मागं वळून भागीरथीच्या हाताकडं पाहिलं आणि तो गप्प झाला. नवसू गप्प झाला की समजावं, आता हा दहा घरी बोलणार.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी देवजी म्हणाला, भूक नाय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, पोट दुखतं. तिसऱ्या दिवशी तो जेवला, पण भाकरीचा तुकडा हातात घोळवत राहिला, आणि काकानं घास गिळल्यावर मगच त्यानं आपला मोडला. भागीरथीला वाटलं, थोरल्यांचा मान राखायला शिकला. चौथ्या दिवशी तिनं मुद्दाम बोंबलाचं कालवण केलं. बोंबील म्हणजे देवजीचा जीव की प्राण. काकानं दोन भाकरी संपवल्या तरी देवजीनं ताटाला बोट लावलं नाही.

तिनं वत्सलेला गाठलं. "काय झालंय गो तुझ्या दादाला?"

वत्सला म्हणाली, "दादा म्हनतो, त्या चित्रातली काकीपन डाव्या हातानं दूध द्यायची. तुझ्यासारखी."

"उजव्या हातानं द्यायची ती! मी काय आंधळी व्हते?"

"मीबी तेच म्हनलं. तो म्हनतो, समद्या गड्यांनी बघितलंय."

भागीरथीला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग उमगलं. सात वर्षं जे पोर आपल्या हातचं खाऊन वाढलं, ते आपल्या हाताला भितं. तिनं धर्माला सांगितलं. धर्मा विडी विझवत म्हणाला, "तुलाच कुनी सांगितलं व्हतं बोंबलाचं बोलायला?" झालं! नवरा नावाच्या माणसाकडून आणखी काय मदत व्हायची?

आठव्या दिवशी आटगावहून पोरांचा मामा चांगो येऊन उभा राहिला. तो जत्रेत बैल घ्यायला गेला होता आणि दुसऱ्या खेपेला जत्रेत आलेल्या नवसूकडून बैलाऐवजी बातमी घेऊन परतला होता. अंगणात गावची माणसं जमली. चांगो धर्माला म्हणाला, "पावनं, राग मानू नका. पोरांना मी नेतो. लोक काय काय बोलतात." मग देवजीकडं वळून म्हणाला, "येतोस ना रं?"

देवजी खाली बघत म्हणाला, "येतो."

त्या एका शब्दानं भागीरथीची सात वर्षं पाण्यात गेली. पण तोंड शाबूत होतं. ती दारातून थेट अंगणात आली. "आधी मला सांगा, ती बया कुठल्या हातानं दूध देत व्हती?"

"डाव्या!" सगळे पुरुष एका सुरात म्हणाले.

"उजव्या!" कुंपणापलीकडून चंदा आणि चार बायका ओरडल्या.

नवसू चिडला. "म्हंजी आमी एवढे गडी खोटं बोलतो?"

"आन आमी काय झोपलो व्हतो?"

पाव तास नुसता कालवा. पोरांचं काय करायचं हे सगळे विसरले आणि हातावरून हमरीतुमरीवर आले. शेवटी दोन बुकं शिकलेली वत्सला म्हणाली, "दादा, चित्राच्या आधी नावं आली व्हती, ती तू वाचलीस?"

"नाय वाचता आली," देवजी म्हणाला. "अक्षरं तोंड फिरवून बसली व्हती."

"मला वाटलं, मोडी असंल," नवसू पुटपुटला.

"मला तर सरळ दिसली," वत्सला म्हणाली. "मी पुढून बघत व्हते. तुमी मागून."

देवजीनं स्वतःचे दोन्ही हात पुढं धरले, एकदा इकडून पाहिले, एकदा तिकडून. मग त्याचा चेहरा उतरला. पुरुषांना उलगडायला जरा वेळ लागला, पण उलगडलं. हशा पिकला, एकमेकांच्या पाठीवर थापा पडल्या. चांगो मोकळेपणानं म्हणाला, "मंग काय हरकत नाय. राहू द्या पोरं हितंच."

भागीरथी त्याच्याकडं वळली. "म्हंजी ती बया खरंच डावखुरी असती, तर मी पोरं मारनार व्हते?"

नवसूनं विषय बदलायला म्हटलं, "जाऊ दे गो. च्या टाक समद्यांना."

"टाकते की. माझ्या हातचा च्या पिनार?"

एकाला म्हशीची आठवण झाली, एकाला उशीर झाला. चांगोला आटगावकडं जाणारी गाडी गाठायची होती. बघता बघता अंगणात घरची चौघंच उरली.

दिवेलागणीला पानं मांडली. वालाचं कालवण होतं. भागीरथीनं पळी उजव्या हातात धरली. सवय नव्हती. पहिली पळी अर्धी ताटात, अर्धी जमिनीवर गेली, दुसरी देवजीच्या पायावर.

"काकी," देवजी हळूच म्हणाला, "डाव्या हातानं वाढ ना."

"थांब," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "आधी तुझ्या काकाला घास गिळू दे."

देवजीनं मान वर केली. आठ दिवस काकी सगळं बघत होती, हे त्याला तेव्हा कळलं. धर्मा भाकरीचा तुकडा हातात घेऊन तसाच बसला होता, त्यानं घास उचललाच नाही. देवजीनं चुलीवरून उतरलेल्या कढत कालवणात भाकर बुडवली आणि मोठा घास तोंडात कोंबला. तोंड पोळलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण त्यानं तो थुंकला नाही. गिळला, आणि लगेच दुसरा घेतला.

"मेल्या, फुंकून तरी खा!" भागीरथी ओरडली, आणि डाव्या हातात पळी घेऊन तिनं त्याच्या ताटात आणखी वाढलं.