मामंजी आन् शब्दकोडं

पोरीच्या तोंडाला राकेलाचा वास येतोय, डोळं पांढरं व्हायला लागलेत, आन् ह्यो माणूस वर न बघता हात उचलून म्हणतोय, "जरा दम. येकच घर ऱ्हायलंय."

माजं सासरं हे. मामंजी. मिलिटरीतनं सुभेदार होऊन आलेलं. विश्रामबागेत दोन खोल्यांत आमी तिघंच, ते, मी आन् दीड वरसाची शोभी. मालक लांब सरहद्दीवर. पेपर आला की मामंजी बाजंवर ताठ बसायचं आन् शब्दकोडं सोडवायचं, ते बी शाईच्या पेनानं. "पेन्शिल घेतली म्हंजी आदीच माघार," म्हणायचं.

आमी मूळचं सातारकडचं. सून सासऱ्याशी समोरून बोलत न्हाई. मंग ते कोडं भिंतीला विचारायचं. "चिखलातलं फूल. डोकं उडवलं तर मळच उरतोय. तीन अक्षरं." मी स्टोव्हम्होरनं शोभीला सांगायची, "कमळ गं, शोभे!" ते भिंतीलाच म्हणायचं, "नात हुशार हाय. चौथी पास दिसती." चौथी पास मी! पदरात तोंड घालून लय हसायची. खोटं कशाला बोलू, चांगलं दिस व्हतं ते. "शब्द सरळ दिसला की त्येच्यावर इस्वास ठिवू नगा, उलटून बघा," हे बी त्यांचंच.

त्या दिशी मी नळावर निघाले. "शोभे, आजोबापाशी बस हां," म्हणून त्यांनाच सांगितलं. "बसू दे की," म्हणलं. स्टोव्हपाशी राकेलाची बाटली मीच खाली ठिवली व्हती, ते बी खरं. पर त्यांच्यापास्नं चार हातांवर प्याली ती. चार हातांवर!

मी पेपर वढला, टराटरा फाडला. पैल्यांदाच त्यांच्या तोंडाकडं बघून वरडले, "नात मराय लागलीय तुमची! उठा!"

उठलं. अनवाणी पळत जाऊन टांगा आणला. मिरजेपतूर शोभी माज्या मांडीवर घरघर करतीय आन् ते आपलं येकच, "मला आवाजच आला न्हाई गं. आलाच न्हाई."

"कसा येईल? घरं भरत व्हता नव्हं!"

पाच दिस दवाखान्यात काढलं. पोरगी वाचली.

मामंजींनी पेपर बंद केला. आठ दिस गेलं. मंग येका सकाळी माज्याम्होरं येऊन दोनी हात पसरलं. मलाच म्हणलं, "सूनबाई, जरा घिऊ दे तिला. फकस्त धरतो."

शोभी झेपावली. मी तिला वढून घिऊन आत गेले. वळून बघितलं न्हाई.

त्याच म्हयन्यात गेलं ते. शेजारणी म्हणत्यात, "म्हातारा लय मायाळू, तूच दगड." मायाळू व्हतं, मला का ठावं न्हाई? म्हणून तर जीव जळतो. तुमी बी लेकुरवाळ्या हायसा, खरं सांगा. तुमी दिली असती?