बारा वाजता लोटलेलं दार

स्पिरिटचा वास आला की मला महाडच्या त्या दवाखान्याची पायरी आठवते. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून आम्ही चौघांनी आईला डोलीत, म्हणजे बांबूला बांधलेल्या घोंगडीत, खाली आणलं होतं. तापाने तिचं अंग पोळत होतं. आम्ही पोचलो तेव्हा कंपाउंडर दार लोटत होता. “बारा वाजले. उद्या लवकर या.” “पहाटे कोंबड्याला निघालोय, साहेब. डोंगरातनं चालत यायचं हाय.” “मग काल निघायचं.” एवढ्यात पेठेतल्या एका शेटचा गडी रिकामी बाटली घेऊन मागच्या दाराने आत गेला आणि शेटच्या खोकल्याचं औषध भरून घेऊन आला. माझं डोकं फिरलं. बाजारात मी भल्याभल्यांशी घासाघीस करायचो, पण या माणसाला माझ्याकडून काहीच नको होतं. “भांडू नको रे,” आई घोंगडीतून म्हणाली, “उद्या बघतील.” तो उद्या तिला दिसला नाही. पुढे धंद्यात जम बसला, आता मी त्याच पेठेत राहतो. निरोप धाडला की त्याच दवाखान्याचा डॉक्टर साध्या सर्दीलाही घरी येतो. हा तरुण आहे, भला आहे, त्याचा काही दोष नाही. तरी त्याला चहा विचारायला माझी जीभ रेटत नाही.