मॅक्सीची दुमड आणि चेअरमनचं धोतर

चहा आधी पिऊन घ्या, मग सांगते. मागे एकीला हा किस्सा अर्ध्या कपावर असताना सांगितला, तर तिच्या नाकातून चहा आला आणि तिनं नाक पुसलं ते माझ्याच पदराला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. मॅक्सी नावाचा प्रकार तेव्हा नुकताच आमच्यापर्यंत पोचला होता. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच झगा. आईचं मत असं की एवढ्या कापडात दोन परकर निघाले असते. पण पुण्याची मामेबहीण सुट्टीत आली आणि तिनं तिची जांभळी सॅटिनची मॅक्सी मला गॅदरिंगपुरती दिली. झालं, माझी झोप उडाली.

अडचण एकच होती. बहीण ताडासारखी उंच. मी पाच फुटाला तीन बोटं कमी, आणि ती कसर रुंदीत भरून काढलेली. मॅक्सी अंगात घातली की वीतभर कापड जमिनीवर लोळायचं. परत द्यायची असल्यामुळं कापायची सोय नाही. टाके घालायचे, तर सॅटिनला सुईची भोकं पडतात आणि ती बुजत नाहीत, असं बहिणीनं जाताना बजावलेलं.

मग साडी नेसायची ना, असं तुम्ही म्हणाल. आईही तेच म्हणाली. पण त्या गॅदरिंगला प्रमुख पाहुण्यांना हार घालायचा मान मला मिळाला होता! पाहुणे म्हणजे एका साखर कारखान्याचे चेअरमन. आमच्या प्राचार्यांना ग्रंथालयासाठी नवी इमारत हवी होती आणि ती चेअरमननी द्यावी म्हणून ते वर्षभर त्यांच्यामागं हिंडत होते. म्हणजे कार्यक्रम मोठा, समोर सगळं कॉलेज, मागच्या बाकांवर पोरं. अशा वेळी साडी? साडी तर रोजचीच.

माझी मैत्रीण मालू म्हणाली, "मी हाय की. तू कशाला घाबरतीस?"

मालू शेजारच्या गल्लीतली. तिच्या घरी कुठलाही प्रश्न खळीनं नाहीतर सुतळीनं सुटायचा. तिनं मैद्याची खळ शिजवली, मॅक्सीची कड आत दुमडून चिकटवली आणि वरून इस्त्री फिरवली. दुमड बसली, पण वाळल्यावर तिचा पापड झाला. मी चालले की खडखड वाजायचं. खाली बसून बघितलं, तर पापड मोडला आणि कापड पुन्हा पायात.

दोन पाण्यात खळ धुऊन काढली. मग मालूनं दुसरा उपाय आणला. तिच्या काकांचा दवाखाना होता. तिथली जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी, अख्खं रीळ. मी जरा का-कू केली, तर म्हणाली, "माणसाची कातडी धरून ठेवती ती. कापडाचं काय घिऊन बसलीस?"

आणि खरंच, काय बसली म्हणता दुमड! बाहेरून काही कळेना. मी चालून बघितलं, जिना उतरून बघितला, गिरकी घेतली. आईनं स्वयंपाकघरातून वाकून एकदा माझ्याकडं पाहिलं. बेंदूर अजून लांब आहे, एवढंच म्हणाली आणि परत भाकरीकडं वळली. बेंदराला आमच्याकडं बैल सजवतात.

गॅदरिंग भर दुपारी, मांडवात. वर पत्रे, समोर दिव्यांचे झोत. त्या उकाड्यात माणसांना घाम फुटला तसा चिकटपट्टीलाही फुटला. हार हातात घेऊन मी पडद्यामागं उभी, तेवढ्यात घोट्याला काहीतरी चिकचिकीत लागलं. खाली बघते तर पट्टीचं टोक सुटलेलं आणि चिकट बाजू बाहेर. वाकायला जावं तर हातात हार, आणि त्याच क्षणी माइकवर माझं नाव पुकारलं गेलं.

गेले. खुर्चीत बसलेल्या चेअरमनना हार घातला. टाळ्या झाल्या. इथं मी मागं फिरले असते तर आज सांगायला काही उरलं नसतं. पण मला संस्काराचा उमाळा आला आणि मी वाकून नमस्कार केला. मॅक्सीचा घेर चेअरमनच्या पायांवर पसरला. ते खादीच्या परीटघडीच्या धोतरात, सोगा अगदी पायांपर्यंत. मी उठून मागं सरकले, तर धोतर माझ्याबरोबर निघालं.

चेअरमननी झटकन कमरेला हात लावला. मी परत जवळ गेले. ते हसले, मीही हसले. अंदाज घेऊन पुन्हा मागं सरकले, पुन्हा धोतर ताणलं, पुन्हा त्यांचा हात कमरेवर. प्राचार्य डोळ्यांनी मला जा, जा म्हणत होते. कशी जाऊ? गेले असते तर एकटी गेले नसते.

चेअरमन मुरलेले राजकारणी. पोरगी हार घालून हलत नाही, म्हणजे तिची काहीतरी मागणी आहे, असं त्यांनी ताडलं. वाकून मायेनं म्हणाले, "बोल पोरी. काय पायजे?"

त्यांच्या छातीवर स्वागताचा बिल्ला होता, पिनेनं लावलेला. मला ती पिन दिसली. सॅटिनला भोकं पडोत नाहीतर खिंडार पडो, पट्टी उपटून सुटलेली कड एकदा टाचली असती तर मी सुटले असते. घशाला कोरड पडली होती. जेमतेम आवाज निघाला.

"पिन… पिन आहे का?"

"पिण्याचं?" चेअरमन म्हणाले. आणि माझ्या सुकलेल्या ओठांकडं बघून त्यांना सगळा उलगडा झाला. शेजारच्या टेबलावरचा माइक चालू होता. त्यांनी तो ओढला आणि प्राचार्यांना भर सभेत विचारलं, "सर, पोरींस्नी प्यायला पाणी न्हाय व्हय हितं?"

आता गंमत बघा. पाणी खरंच नव्हतं! एकच नळ होता, तोही पोरांच्या बाजूला. मुलींच्या रांगांतून असा गलका उठला, की प्राचार्यांचा खुलासा कुणाला ऐकूच आला नाही. चेअरमनना जोर चढला. ते ताडकन उठून उभे राहिले आणि चर्रर्र आवाज झाला. पट्टी मॅक्सीपासून उपटून निघाली आणि त्यांच्या सोग्याला लोंबत राहिली. ते पाण्याच्या महत्त्वावर बोलत होते आणि खाली हातभर पांढरं शेपूट हलत होतं.

शेवटी त्यांनी जाहीर केलं की कारखान्यातर्फे मुलींसाठी पाण्याची मोठी टाकी बांधून देऊ. ग्रंथालयाचं नाव निघालंच नाही. प्राचार्य टाळ्या वाजवत होते, पण चेहरा सुतकातला. मी दोन्ही हातांनी मॅक्सी गुडघ्यापर्यंत उचलून, नदी ओलांडावी तशी स्टेजवरून उतरले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. एवढं धाडस तुझ्यात आहे हे माहीत नव्हतं, म्हणाले, आणि पुन्हा कधी ते माझ्या कॉलेजात करू नकोस, असंही म्हणाले. खरं कारण सांगायची सोय नव्हती. मालूनंही, गप ऱ्हा, आता तू पुढारी झालीस, असा सल्ला दिला.

टाकी झाली. उद्घाटनाला चेअरमननी मला बाजूला घेतलं. त्या दिवशी नेमकं काय मागितलंवतंस, म्हणून हळूच विचारलं. घरी गेल्यावर बायकोनं ती पट्टी काढली होती आणि तेव्हापासून ते विचारात होते. मी खरं ते सांगितलं. पिन.

ते आणखी जवळ सरकले. मग म्हणाले, "ऐकू आलं न्हाय ते बरं झालं बघ. टाकी काय, सभासदांच्या पैशातनं हुतीया. पिन मला पदरची द्यावी लागली असती."

एवढं सगळं झालं, पण त्या जांभळ्या मॅक्सीत मी कशी दिसत होते हे कुणी म्हणून सांगितलं नाही. मागच्या बाकावरच्या पोरांनी मात्र माझं नाव 'टाकी' ठेवलं. मी कॉलेजातून जायला लागले की, "टाकी आली, टाकी आली." मीही मान ताठ करून चालायचे.

ते नाव पाण्याच्या कामावरूनच पडलंय, असं मी लग्न होईपर्यंत समजत होते.