जागा ज्याची त्याने निवडायची

बेलापूरच्या एका प्रशिक्षणात मी ‘फ्लेक्झिबल सीटिंग’ हा शब्द ऐकला आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या तिसरीच्या वर्गातले निम्मे बाक व्हरांड्यात गेले. माझं असंच, आली लहर केला कहर. सोसायटीत लोकांनी टाकायला काढलेली स्टुलं, वेताचे मोढे, सतरंज्या, लोड असं सगळं मी रिक्षात घालून शाळेत आणलं. उभं राहून लिहायला एक उंच टेबलही मिळालं. मुलं खूश. मुख्याध्यापिका एवढंच म्हणाल्या, “टीचर, नंतर मला टेन्शन देऊ नका.”

मुलांनी आपापल्या आवडीच्या जागी बसायचं, ही त्यातली मूळ कल्पना. पण पहिल्याच दिवशी एका मोढ्यावरून मारामारी झाली आणि माझं डोकं फिरलं. प्रत्येकाची जागा मीच ठरवून टाकली आणि भिंतीवर यादी लावली.

त्या वर्गात एक मुलगी होती. बाकावर तिची सारखी चुळबूळ चालायची आणि वाचायला सांगितलं की आवाज घशातच अडकायचा. सतरंजीवर पालथी पडली की मात्र तिचं बोट ओळीवरून सरकायचं, ओठ हलायचे. दाराशी वारा येतो, म्हणून मी तिची सतरंजी तिथं टाकली. एकटीची जागा, कुणाचा त्रास नको. मला वाटलं, काय हुशार आहे मी!

एकदा ती डबा विसरली आणि तो द्यायला तिचे आजोबा आले. मुलगा तळोज्याच्या कारखान्यात लागला, तेव्हा मराठवाड्यातलं गाव सोडून तेही इकडे आलेले. दारात ते थबकले. नातीकडे पाहिलं, मग बाकीच्या वर्गाकडे.

“बाई, आमचंच लेकरू दारात कामून?”

“नवीन पद्धत आहे आजोबा. तुम्हाला नाही कळायची,” मी फटकन बोलून गेले.

“ही पद्धत नवी न्हाई,” ते शांतपणे म्हणाले. “म्या चौथीपर्यंत दाराशीच बसलो. गोणपाट घरनं न्यायचं, समद्यांपासून लांब. तुमी दाखला काढून ठिवा. उद्या येतो.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. शाळेत दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला समतेवर भाषण करणारी मीच, आणि या माणसाच्या नातीला दाराशी बसवणारीही मीच. हेतू चांगला होता, पण तो त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? त्यांनी दाखला नेला तर ती पोर शाळेतून जाणार होती, आणि तेही माझ्यामुळे.

“आजोबा, चुकलं माझं,” मी म्हटलं. “जागा मुलांनी निवडायची असते. मी निवडूच दिली नाही. उद्या ती स्वतः निवडेल. ते बघा आणि मग दाखला मागा.”

“कुठलीबी जागा?” त्यांनी माझ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “ती बी?”

त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मला आजवर खपलं नव्हतं.

“ती पण.”

दुसऱ्या दिवशी ते व्हरांड्यात येऊन उभे राहिले. मी भिंतीवरची यादी फाडली आणि मुलांना सांगितलं, कुठेही बसा, अगदी टीचरच्या खुर्चीवरसुद्धा. एकच पळापळ झाली. ती मात्र मधोमध उभी राहून वर्ग बघत होती. मग चालत गेली आणि माझ्या खुर्चीवर चढून बसली.

“ए, टीचरची खुर्ची!” कुणीतरी ओरडलं. खोटं कशाला बोलू, मलाही जरा टोचलं. पण मी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि दाराशी सतरंजीवर जाऊन बसले. तिथून फळा अर्धाच दिसत होता. एवढे दिवस तिला अर्धाच दिसत होता आणि एकदाही तिथं बसून बघावं असं मला सुचलं नव्हतं.

ती वाचायला लागली. आधी हळू, मग खणखणीत. एका जोडाक्षरापाशी अडली, तीनदा धडकली आणि पार झाली. धडा संपला तेव्हा अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि मी तर सगळ्यांत जोरात. तो आनंद मला आवरतच नव्हता.

आजोबांनी चपला बाहेर काढल्या. मला ओलांडून ते आत आले आणि सगळ्यांत पुढच्या बाकावर, दोन मुलांच्या मध्ये बसले. दाखल्याचं नाव नाही.

“वाच,” ते नातीला म्हणाले, “आनखी एक धडा वाच.”