एकच लवकी

लोणारला आमच्या शेजारी विज्ञानाचे एक सर राहतात. शेती त्यांच्या सात पिढ्यांत नाही, तरी यंदा गच्चीवर तेलाच्या रिकाम्या पिप्यात त्यांनी लवकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा, वेल लावला. कोवळी फळं पिवळी पडून गळायची. सर चष्मा पुसत म्हणायचे, "कारण असतंच." कधी पाणी जास्त, कधी ऊन.

माझी आई म्हणाली, "कोवळ्या फळाले बोट दाखवलं का ते गळतेच, सर."

सर खूप हसले. घरातला पहिला पदवीधर म्हणून मीही हसलो.

परवा एक लवकी मनगटाएवढी झालेली दिसली. मी बोट उचललं, तोच सरांनी ते धरून दुमडलं.

"काऊन सर? तुम्ही तर मानत नाही न?"

"नाही मानत बे. पण लवकी एकच आहे."